पन्हाळा ते पावनखिंड एका दिवसात: कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नुकतेच कोल्हापुरात राहायला आलात. घरात सातवीतला मुलगा आहे, सत्तरीचे वडील आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. गाडी स्वतःची आहे. एका रविवारी पन्हाळा, पावनखिंड, विशाळगड आणि येताना जमलं तर नेसरी, असं सगळं उरकायचा बेत आहे. जावं जुलैत की दिवाळीनंतर, हे ठरत नाहीये. शिवाय मुलाला दुसऱ्या महायुद्धाचं वेड आहे, तर त्यातलं काही आपल्या भागात बघायला मिळेल का, हेही विचारलंय.

शाळांच्या आणि घरगुती गटांना ही ठिकाणं दाखवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्या अनुभवावरून सांगतो. नेसरी या दिवसातून आधी काढून टाका. पन्हाळा आणि पावनखिंड शहराच्या वायव्येला, नेसरी दक्षिणेला गडहिंग्लज तालुक्यात. दोन्ही एका दिवसात धरलं तर दिवसाचा मोठा भाग गाडीतच जाईल. पण अंतरापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. पन्हाळ्याची घटना 1660 सालची, नेसरीची 1674 सालची. शत्रू तोच विजापूरचा, पण माणसं वेगळी, प्रसंग वेगळा, लढाईची जातच वेगळी. सकाळी बाजीप्रभू आणि संध्याकाळी प्रतापराव असं केलं की मुलाच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ होते आणि एकही नीट राहत नाही.

रणभूमी बघायला निघालात तर एका दिवसाला एकच घटना घ्या आणि ती जशी घडली त्याच क्रमानं, त्याच दिशेनं जा. पन्हाळा आठशे वर्षांहून जुना गड आहे. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं तो बांधला, नंतर यादव, बहामनी, आदिलशाही, मराठे, मोगल आणि शेवटी इंग्रज अशा सगळ्यांचे हात त्याला लागले. 1701 साली खुद्द औरंगजेब इथे तळ देऊन होता. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडात बंडवाल्यांनी कर्नल ओव्हन्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून याच गडावर कैदेत ठेवलं होतं. बंड मोडल्यावर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. हे सगळं एका सकाळीत सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला काहीच सापडत नाही. म्हणून माझ्या गटाला त्या दिवशी मी फक्त 12 आणि 13 जुलै 1660 हे दोन दिवस दाखवतो. बाकीच्या गोष्टींसाठी पन्हाळा काही लांब नाही, अवघा 20 किलोमीटरवर आहे. केव्हाही परत जाता येतं.

निघण्याच्या आदल्या रात्री घरात एवढं बोलून ठेवा. 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखान मारला गेला आणि अठरा दिवसांत, 28 नोव्हेंबरला, महाराजांनी पन्हाळा घेतला. 28 डिसेंबरला कोल्हापूरजवळच विजापूरचा सरदार रुस्तुमेजमान याच्या फौजेचा पराभव केला. म्हणजे तुम्ही आज जिथे राहता त्या परिसरातच ही एक लढाई झाली. विजापूरला हे सहन होणं शक्य नव्हतं. कर्नूलचा सरदार सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन आला आणि मार्च 1660 पासून पन्हाळ्याला वेढा पडला. त्याच सुमारास उत्तरेकडून शाहिस्तेखान पुण्यात उतरला आणि जूनमध्ये त्यानं चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. मुलाला नकाशावर पुणे आणि पन्हाळा दाखवा. राजा एका टोकाला कोंडलेला आणि दुसऱ्या टोकाला राज्यात मोगल शिरलेले. नेतोजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तोही यशस्वी झाला नाही. पन्हाळा सोडून निघणं का भाग पडलं, हे एवढ्यावरून मुलाला आपोआप कळतं.

सकाळी साडेसहाला घर सोडा. शिवाजी पूल ओलांडून केर्लीमार्गे वाघबीळ आणि तिथून डावीकडे वळून गडाचा घाट. पाऊण तासात तुम्ही वर असाल. नाक्यावर नगरपरिषदेचा कर भरावा लागतो, सुटे पैसे हाताशी ठेवा. गडावर वस्ती आहे आणि बहुतेक वास्तूंच्या दारापर्यंत गाडी जाते, त्यामुळे बाबांची इथे काहीच अडचण होणार नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, त्यात पन्हाळाही आहे. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दहानंतर गर्दी लोटते, म्हणूनच लवकर निघायचं.

पहिलं ठिकाण अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. गंगा कोठीत आत गेल्यावर बोलू नका, आधी मुलाला भिंतींची जाडी आणि छताची उंची बघू द्या. मग विचारा, वेढा चार महिने कशाच्या जोरावर टिकला? उत्तर त्याच्या समोर उभं असतं. वरून धान्य ओतायची भोकं छतात दिसतात, ती दाखवा. वेढ्यात तलवारीपेक्षा धान्य आणि पाणी आधी मोजलं जातं, हे पुस्तकात वाचून पटत नाही. या कोठीत उभं राहिल्यावर पटतं.

तिथून गडाच्या पूर्वेकडच्या कड्यावर या. समोर, मधे खिंड सोडून, तेवढ्याच उंचीचा एक डोंगर दिसतो. तो पावनगड. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. मी मात्र गटाला इथे सगळ्यात जास्त वेळ उभा करतो. पन्हाळा कितीही बळकट असला तरी शेजारचा डोंगर शत्रूच्या हाती गेला आणि त्याच्यावर लांब पल्ल्याच्या तोफा चढल्या, तर तटबंदीचा उपयोग निम्म्यावर येतो. आणि या वेढ्यात तशा तोफा आल्याही होत्या. राजापूरच्या वखारीतले इंग्रज व्यापारी हेन्री रेव्हिंग्टनच्या पुढाकारानं दारूगोळा घेऊन आले आणि आपलं निशाण फडकावून त्यांनी गडावर मारा केला. व्यापाऱ्यांनी युद्धात पडायचं काही कारण नव्हतं. पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये, महाराजांनी राजापूरवर जाऊन ती वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकलं. 6 मार्च 1673 ला कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा परत घेतला आणि त्यानंतर या शेजारच्या डोंगरावर पावनगड बांधला गेला. शत्रूला जिथून मारा करता आला असता ती जागाच ताब्यात घेतली. एका वेढ्याचा धडा दगडात बांधलेला इथे समोर दिसतो, आणि तो समजायला गाईडची गरज लागत नाही, फक्त दोन डोंगर एकाच वेळी डोळ्यात घ्यावे लागतात.

सज्जाकोठीपाशी गाडी थांबवायचा मोह होईल. ती संभाजीराजांच्या गोष्टीची जागा आहे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तीन दरवाजा आणि अंधारबाव मात्र बघा. पाण्यासाठी तळं न ठेवता तिमजली इमारतीच्या पोटात विहीर दडवली आहे, ती का, हा प्रश्न मुलाला विचारा. तीन दरवाजाच्या बांधणीतही एकामागे एक दारं आणि मधे चौक आहे. पहिलं दार फोडून आत आलेला शत्रू त्या चौकात अडकावा, हा हेतू.

पन्हाळ्यावरचं शेवटचं ठिकाण राजदिंडी. हीच वाट महाराजांची. आषाढी पौर्णिमेची रात्र, धो धो पाऊस, तहाच्या बोलण्यांमुळे वेढ्यात थोडी ढिलाई. दिंडीच्या पायऱ्या उतरायला बाबांना सांगू नका, पावसाळ्यात तिथे शेवाळ असतं. वरच्या कडेवरूनही पश्चिमेचं मसाईचं पठार दिसतं आणि तेवढं पुरतं. तिथे उभं राहून शिवा काशीद यांची गोष्ट सांगा. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा हा माणूस, पेशानं न्हावी. चेहरेपट्टी महाराजांसारखी. दुसऱ्या पालखीत महाराज बनून बसला आणि मुद्दाम सिद्दीच्या लोकांच्या हाती लागला. खरं कळल्यावर आपलं काय होणार, हे पालखीत बसतानाच त्याला माहीत होतं. त्याच्या पकडण्यानं आणि ओळख पटण्यानं जो वेळ मिळाला, त्या वेळावर पुढचं सगळं उभं आहे. गडावर त्यांचा पुतळा आहे. पुष्कळ गाड्या तिथून नुसत्या पुढे निघून जातात. तुम्ही उतरा, दोन मिनिटं उभे राहा.

गडावरून साडेनऊपर्यंत निघालात तर मसाई पठारावर जायला वेळ मिळतो. रस्ता अरुंद आहे, पण गाडी वरपर्यंत जाते. बहुतेक सहलींत हे ठिकाण गाळलं जातं. माझ्या मते ते गाळलं तर पन्हाळा आणि पावनखिंड ही दोन सुटी चित्रं राहतात, त्यांना जोडणारी रात्र हातातून निसटते. हे जांभ्याचं प्रचंड सपाट पठार आहे, झाडं जवळजवळ नाहीतच, मधे मसाई देवीचं देऊळ. जमीन नीट बघा. जांभा खडक भोकाभोकाचा, कडा धारदार. पावसात प्रत्येक खळग्यात पाणी साचतं आणि पाय नेमका कुठे पडणार ते कळत नाही. मुलाला चपला काढून वीस पावलं चालायला सांगा. मग सांगा, सहाशे माणसं या दगडावरून रात्री, पावसात, खांद्यावर पालखी घेऊन धावली. मशाल पेटवता येत नव्हती, पेटवली असती तर लांबून दिसली असती. आडोसा नाही, ढग फाटला की पौर्णिमेचं चांदणं सरळ अंगावर. पन्हाळ्याच्या उतारावर निदान रान होतं, या उघड्या माळावर ते पूर्ण उघडे पडले होते. इथून मागे पन्हाळा दिसतो आणि पुढे पश्चिमेला डोंगरांच्या रांगा. कुठून निघाले आणि कुठे पोचायचं होतं, ते एका नजरेत येतं.

पुढची वाट खालच्या वाड्यांमधून, ओढे आणि भाताची खाचरं ओलांडत जाते. पायी पन्हाळा ते पावनखिंड पन्नासेक किलोमीटर होतं. तुम्ही मात्र परत वाघबीळला येऊन रत्नागिरी रस्ता धरा. बांबवडे, शाहूवाडी, मलकापूर आणि तिथून पांढरेपाणीकडे. मलकापूरला पेट्रोल, जेवण, स्वच्छतागृह हे सगळं उरका, कारण पुढे चहाच्या टपऱ्यांपलीकडे भरवशाचं काही नाही आणि फोनची रेंज जाते-येते. जेवणाचा आग्रह असेल तर पन्हाळ्यावरच झुणका-भाकर बांधून घ्या. तांबडा-पांढरा रात्री घरी आल्यावर. दुपारी तो खाऊन खिंड उतरायची म्हणजे त्रासच.

पावनखिंडीपाशी रस्त्याच्या वर स्मारक आहे. बाबा तिथे थांबू शकतात, वरूनही घळ दिसते. तुम्ही आणि मुलगा खाली उतरा. आत गेलात की दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधे ओढ्याचं पात्र, दगडगोटे, आणि वर आभाळाची एक पट्टी. कासारी नदी याच डोंगरांत उगम पावते. इथलं पाणी खाली जाऊन पंचगंगेला मिळतं, म्हणजे तुम्ही सकाळी शिवाजी पुलावरून ओलांडलेलं पाणी काही अंशी इथलंच.

खाली उतरल्यावर मुलाला एक काम द्या. दोन्ही हात पसरून उभं राहायला सांगा आणि असे किती जण एका ओळीत उभे राहू शकतील ते मोजायला सांगा. चार? पाच? मग पाठलाग करणाऱ्या सिद्दी मसूदच्या बाजूनं विचार करा. फौज कितीही मोठी असली तरी या तोंडाशी एका वेळी तेवढेच लोक लढू शकतात, बाकीचे मागे ताटकळतात. घोडा दगडगोट्यांच्या पात्रात निरुपयोगी. तोड्याची बंदूक पावसात पेटत नाही, कारण तोडा, म्हणजे तिची पेटती वात, ओला झाला की संपलं. शत्रूकडे जे जास्त होतं, म्हणजे संख्या, घोडे, बंदुका, ते सगळं या घळीनं आणि आषाढाच्या पावसानं बाद केलं. उरली ती तलवार, भाला, दगड आणि छातीची हिंमत. बाजीप्रभूंनी लढायला जागा निवडली ती अशी. त्यांच्या शौर्याची गाणी आपण म्हणतो, पण त्यांच्या डोक्याची तारीफ फारशी कुणी करत नाही. ती इथे, या कातळात उभं राहून करावी.

रात्रभर धावून आलेल्या माणसांचे परंपरेनं दोन भाग सांगितले जातात. निम्मे, म्हणजे तीनशेच्या आसपास, महाराजांबरोबर विशाळगडाकडे, बाकीचे बाजीप्रभूंबरोबर खिंडीत. हे लोक बहुतेक बांदल घराण्याचे, हिरडस मावळातले. बाजीप्रभूंचे भाऊ फुलाजी याच लढाईत पडले. गडावर पोचल्यावर तोफेची इशारत व्हायची होती, तोवर खिंड धरायची. आणि तिकडे विशाळगडही मोकळा नव्हता. सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांनी त्याला वेढा घातला होता, तो फोडून महाराजांना आत शिरावं लागलं. म्हणून खिंडीतली प्रतीक्षा लांबली. ही बाजू मुलांच्या पुस्तकात दोन ओळींत संपते, पण खिंडीत उभं राहिल्यावर तिचा अर्थ कळतो: इशारत कधी होईल, होईल की नाही, हे खाली लढणाऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पुढे दरबारातलं मानाचं पहिलं पान, म्हणजे पहिला मान, जेधे घराण्यानं सोडलं आणि ते बांदलांना मिळालं.

आणखी एक गोष्ट मुलापासून लपवू नका. पन्हाळा त्याच वर्षी आदिलशाहीच्या ताब्यात द्यावा लागला. तेरा वर्षं तो आपल्याकडे नव्हता. गड गेला, राजा वाचला, आणि राजा वाचल्यामुळे गड परत आला. सातवीतलं पोर हे समजू शकतं.

विशाळगडाचं सांगायचं तर, खिंडीपासून तो गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास. बाजीप्रभू आणि फुलाजी यांच्या समाध्या तिथे आहेत, त्यामुळे गोष्ट पुरी करायला जावंसं वाटणारच. पण वर पायऱ्या बऱ्याच आहेत, बाबांनी तो नाद करू नये. शिवाय गडावर जाण्यावर प्रशासन वेळोवेळी निर्बंध घालतं, म्हणून आदल्या दिवशी शाहूवाडीला चौकशी करा. दुपारी तीनच्या आत खिंडीतून वर आला नाहीत तर विशाळगड सोडून द्या. या रानात तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. वळणावर अचानक गवा समोर उभा राहिला की गाडीचं आणि माणसांचं काय होतं, ते इथल्या कुणालाही विचारा. अंधार पडायच्या आत मलकापूर गाठायचं, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

आता जुलै की दिवाळीनंतर. घटना आषाढातली, त्यामुळे तोच पाऊस, तोच चिखल अनुभवावा असं वाटणं साहजिक आहे. त्या दिवसांत पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायी मोहिमाही निघतात, हजारो पोरं-पोरी चालतात. मुलगा आणखी तीन-चार वर्षांनी मोठा झाला की त्याला अनुभवी गटाबरोबर जरूर पाठवा, तो अनुभव दुसऱ्या कशानं मिळत नाही. पण बाबांना घेऊन जुलैत जाऊ नका. शाहूवाडीचा पाऊस शहरातल्या पावसासारखा नसतो. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, खिंडीच्या पायऱ्या निसरड्या होतात, ओढ्याला लोंढा आला तर आत उतरताच येत नाही आणि जळवा पायाला कधी लागल्या ते घरी आल्यावर कळतं. पंचगंगेला पूर आला की शिवाजी पुलापुढचा रस्ताच पाण्याखाली जातो, 2019 आणि 2021 मध्ये आपण ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या घरासाठी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यातही ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा माझ्या आवडीचा: ओढ्यात पाणी असतं, मसाईवर फुलं असतात, आणि वाटा वाळलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये मात्र ही सहल करू नका. कोरड्या खिंडीत उभं राहून आषाढातली रात्र डोळ्यांपुढे आणणं मोठ्यांनाही जमत नाही.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल विचारलंत त्याचा मला फार आनंद झाला, कारण त्याचं उत्तर तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि मूळच्या कोल्हापूरकरांपैकीही पुष्कळांना ते ठाऊक नसतं. वळिवडे. आज जिथे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ आहे, त्या भागात 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं.

पोलंडची माणसं कोल्हापुरात कशी, हा प्रश्न मुलगा विचारेल. सप्टेंबर 1939 मध्ये जर्मनीनं पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियानं पूर्वेकडून पोलंडचे लचके तोडले. पूर्व भागातल्या लाखो लोकांना 1940 आणि 1941 मध्ये रशियानं सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. जून 1941 मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केल्यावर चित्र पालटलं, पोलिश लोकांची सुटका झाली, त्यांच्यातून एक फौज उभी राहिली आणि ती बायकामुलांसह इराणात आली. पुरुष पुढे लढायला गेले. बायकामुलांना ठेवायचं कुठे, याचं एक उत्तर गुजरातेत जामनगरजवळचं बालाचडी होतं आणि दुसरं आपलं वळिवडे. इथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत असत. युद्ध संपल्यावर ते पांगले आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी तीच जागा वसवली. एकाच जमिनीनं पाठोपाठ दोन देशांतल्या बेघर माणसांना आसरा दिला, याची मला कोल्हापूरकर म्हणून फार अभिमानानं आठवण होते.

बघायचं काय? महावीर उद्यानात त्या लोकांनी कृतज्ञतेनं उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश नावांची थडगी आहेत. तिथे गेलात तर आवाज खाली ठेवून जा. आणि मिरज मार्गावरचं वळिवडे रेल्वे स्थानक. हे सगळं एका रविवारच्या सकाळीत होतं, बाबांनाही सहज जमतं. पोलंडची राजधानी वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे जाऊन अभिवादन केलं होतं. हे मुलाला सांगा, त्याला आपल्या गावाचा अंदाज नव्यानं येईल.

याला एक धागा जोडून द्या. इराणातून गेलेल्या त्या पोलिश फौजेनं मे 1944 मध्ये इटलीत मॉन्टे कॅसिनोची लढाई लढली. त्याच इटलीत मराठा पलटणी लढत होत्या. जुलै 1944 मध्ये टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे आणि 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर नामदेव जाधव, या दोघांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे त्याच लढाईत पडले, जाधव जखमी साथीदारांना नदीपलीकडे आणून परत शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि वाचले. वळिवड्यातल्या पोलिश बायकांचे नवरे, भाऊ आणि आपल्या मावळातली, देशावरची पोरं एकाच देशात एकाच शत्रूशी लढत होती. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, कोल्हापूरहून 110 किलोमीटर, महामार्ग चांगला. तिथलं संग्रहालय बघण्यासारखं आहे, पण लष्करी आवार असल्यामुळे कोणत्या दिवशी आणि कोणती ओळखपत्रं घेऊन प्रवेश मिळतो, ते आधी विचारून मगच निघा. हा पूर्ण वेगळा दिवस.

राहिली नेसरी. तिला सामानगडाची जोड द्या आणि फेब्रुवारीत जा. कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वरमार्गे गडहिंग्लज आणि तिथून नेसरी वीसेक किलोमीटर. 1673 मध्ये उमराणीला सरनौबत, म्हणजे सरसेनापती, प्रतापराव गुजरांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला कोंडीत पकडून शरण आल्यावर सोडून दिलं. खान परत उलटला. महाराजांचं बोलणं प्रतापरावांच्या जिव्हारी लागलं आणि 24 फेब्रुवारी 1674 ला, समोर फौज दिसताच, मागच्या आपल्या सैन्याची वाट न बघता ते सहा स्वारांसह तिच्यावर तुटून पडले. सातही गेले. साडेतीन महिन्यांनी रायगडावर राज्याभिषेक झाला, तो प्रतापरावांना बघायला मिळाला नाही. त्यांच्यामागे सरनौबती हंबीरराव मोहित्यांकडे आली.

पावनखिंडीत लढणाऱ्यांनी जागा निवडली होती, नेसरीत जागेचा विचारच झाला नाही. म्हणून आधी पावनखिंड आणि मग काही महिन्यांनी नेसरी असा क्रम ठेवा. मुलगा स्वतःच तुलना करेल आणि तुम्हाला अवघड प्रश्न विचारेल: प्रतापरावांनी केलं ते बरोबर होतं का? घाईनं उत्तर देऊ नका. माझ्याही गटात यावर दरवेळी वाद होतो आणि तो व्हावा असंच मला वाटतं.

सामानगडावर गाडी थेट वर जाते, तट आणि विहिरी बघण्यासारख्या आहेत आणि 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडाची ठिणगी याच गडावर पडली. नेसरीचं स्मारकही रस्त्यालगत आहे. दोन्हीकडे बाबांना फार चालावं लागणार नाही. सकाळी सामानगड, जेवण गडहिंग्लजला आणि दुपारी उन्हं कलल्यावर नेसरी, असं ठेवलंत तर रात्री आठपर्यंत तुम्ही घरी असाल. पाण्याच्या बाटल्या मात्र घरूनच भरून न्या, फेब्रुवारीतही त्या माळावर दुपारी चांगलं तापतं.